खुंटेकरी

७ जुलै १९९६, रविवार

शाळेने निरोप समारंभात शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल बहिणीला दिली, नारळाच्या वड्या केल्या, डायरी तेवढी उरली. दोन महिने तिच्याकडे बघायचीही इच्छा झाली नाही. रिकामपणाची मला चीड आहे. जन्मभर इंग्रजी शिकवल्यावर आता दुधाच्या पिशवीवरचं इंग्रजीसुद्धा लाल पेनने तपासावंसं वाटतं. हे असते तर पोट धरून हसले असते. यांना जाऊन चार वर्षं झाली. घरात हसायला कोणी नाही, हेच खरं दुखणं आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

आज आनंद आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता एमआयडीसीत इंजिनिअर आहे. त्याने आणि मित्रांनी मिळून ‘खाडीकाठ नागरिक मंडळ’ काढलंय. हॉलंडच्या एका संस्थेने त्यांना कॉम्प्युटर दिला आहे आणि सोबत मोडेम नावाची एक डबी. फोनच्या तारेतून पत्र जातं म्हणे, इथे लिहिलं की तिथे हॉलंडात उमटतं. गरीब देशांतल्या साध्या माणसांनी आपलं म्हणणं थेट जगाला सांगावं, मध्ये सरकार नको नि साहेब नकोत, असा त्या संस्थेचा विचार आहे. कॉम्प्युटर ठेवणार आमच्या डोंबिवलीच्या पाठीमागे खाडीला लागून असलेल्या कोळीवाड्यात, बालवाडीच्या खोलीत. कागद मात्र सगळे इंग्रजीत येतात. ते मराठीत कोण करणार?

“कर्णिकबाई, तुमच्याशिवाय कोण आहे?” म्हणाला. मी तोऱ्यात ‘विचार करून सांगते’ म्हटलं, आणि तो जिना उतरायच्या आत खिडकीतून हाक मारून ‘हो’ सांगितलं.

१२ जुलै

पहिला कागद हातात घेतला. आनंदने आधी स्वतः प्रयत्न करून पाहिला होता. ‘सिव्हिल सोसायटी’चं त्याने ‘दिवाणी सोसायटी’ केलं होतं. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी कोर्ट, म्हणून. मी म्हटलं, अरे, लोकांना वाटेल आमच्या बिल्डिंगची सोसायटी कोर्टात गेली. त्याला मी ‘नागरिकांच्या संस्था’ केलं. ‘नेटवर्क’ म्हणजे जाळे, त्यात काही अवघड नाही, सगळेच तसं म्हणतात.

अडलं ते ‘स्टेकहोल्डर’पाशी. एखाद्या कामात ज्याचं काही गुंतलंय, ज्याला विचारल्याशिवाय ते होऊ नये, असा माणूस. भागधारक म्हटलं की शेअरबाजार डोळ्यांपुढे येतो. हितसंबंधी म्हटलं तर मराठीत तो माणूस काहीतरी गिळंकृत केल्याशिवाय राहत नाही. ‘संबंधित’ या शब्दाला तर कचेरीतल्या फायलीचा वास येतो.

संध्याकाळी खाडीवर फिरायला गेले. सगुणा काठावर भेटली. ती माझी कोळीण, लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हापासून मासळी तिच्याकडूनच घेते. पाण्यात ओळीने लाकडं रोवलेली दिसत होती, ती कसली म्हणून सहज विचारलं. ती म्हणाली, ते आमचे खुंट. दोन खुंटांना जाळं बांधायचं, पाणी ओसरताना मासळी त्यात येते. ज्या घराच्या आज्याने खुंट रोवला, जागा त्या घराची, दुसरा तिथे जाळं लावत नाही. वळणाच्या तोंडावरचे खुंट तिच्या नवऱ्याचे, दामाजीचे. सगळ्यांत चांगली जागा.

मी तिथेच थबकले. स्टेक म्हणजे खुंटच की! ज्याचा खुंट, त्याला विचारायचं. घरी येऊन चपला काढायच्या आधी लिहून ठेवलं: खुंटेकरी. इतक्या वर्षांत मुलांना दुसऱ्यांचे शब्द पाठ करायला लावले, हा माझा स्वतःचा. किती वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

४ ऑगस्ट, रविवार

कोळीवाड्यात सभा झाली. देवळापुढे सतरंज्या टाकल्या होत्या. गुणाजी वाड्याचे पंच, वयस्क, शांत माणूस. त्यांनी नारळ फोडला. आनंदने कॉम्प्युटरबद्दल सांगितलं, पण तो बोलताना अर्धं इंग्रजी बोलतो, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग मी उभी राहून हॉलंडहून आलेला, मी मराठीत केलेला जाहीरनामा वाचला. तरुण पोरं कॉम्प्युटर बघायला आधीच बालवाडीत पळाली होती, त्यामुळे समोर म्हातारेच जास्त.

एक वाक्य वाचलं आणि पुढच्या रांगेतून दामाजी उठला. सगुणाचा नवरा. उंच, कोरडा, कानात भिकबाळी. “बाय, ह्यो बोल परत वाच,” म्हणाला. मी परत वाचलं: ‘जाळ्याबाबतचा कोणताही निर्णय खुंटेकऱ्यांना विचारल्याशिवाय घेतला जाणार नाही.’

कागद कुठल्या सरकारचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं सरकारचा नाही, साऱ्या जगातल्या संस्थांनी मिळून केलेला ठराव आहे. त्यावर सह्या आहेत का? आहेत, अनेक देशांच्या आहेत. “मना दे एक,” म्हणाला. मी माझ्या हातातलाच दिला. त्याने तो कपाळाला लावला. मला भरून आलं. भाषांतर असं व्हावं, की माणसाला वाटावं हे मूळ आपल्याच भाषेत लिहिलेलं आहे.

२९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. आज हॉलंडला पहिला निरोप पाठवला. मोडेममधून कोंबडं दाबून धरल्यासारखे आवाज येतात. फोन मुंबईला लावावा लागतो, तीनदा तुटला. मराठी अक्षरं तिकडे पोचतच नाहीत, नुसते ठिपके नि चौकोन होतात, म्हणून मी सगळं इंग्रजीत करून देते.

दामाजी रोज येऊन दारात बसतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही, कोणी लावू लागलं तर त्याला ओरडतो. आज त्याने निरोप सांगितला, तो असा: आम्ही वळणाच्या तोंडावर आहोत, आजोबांपासून आहोत, तुमचा कागद पोचला, आम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही म्हणालात त्याबद्दल उपकार आहेत. मी शब्द न शब्द उतरवला. या वयात माहितीच्या जाळ्याबद्दल एवढी तळमळ! आमच्या बिल्डिंगमधल्या शिकलेल्या लोकांना तर मी सांगून दमले, एकजणही येत नाही.

८ सप्टेंबर

हॉलंडच्या बाईंचं उत्तर. दामाजीचं पत्र त्यांनी पंधरा देशांना दाखवलं म्हणे. आणि मी ‘खुंटेकरी’चा अर्थ समजावून सांगितला होता, तो त्यांना फार आवडला. आपल्या पुस्तिकेत छापणार आहेत. मी उत्तर आनंदकडून छापून घेतलं आणि यांच्या फोटोपुढे ठेवलं. वेडेपणा आहे, कळतं मला.

२२ सप्टेंबर, रविवार

आनंदशी कडाक्याचं भांडण. बालवाडीत वीज सारखी जाते, फोनची तार उंदीर कुरतडतात, म्हणून कॉम्प्युटर तिथून हलवून स्टेशनजवळ मंडळाच्या ऑफिसात आणावा असं त्याचं आणि बाकी सगळ्यांचं मत. मी म्हटलं, एकदा तिथून हलवलंत की कोळीवाडा संपला, मग खुशाल स्टेशनवर बसून जगाशी गप्पा मारा. वाड्यातल्या लोकांनाच विचारा. बरं, विचारतो, म्हणाला.

त्याच्याकडूनच कळलं, खाडीत कुठल्याशा कंपनीचा धक्का होतोय. माल वाहणाऱ्या मोठ्या बोटी, बार्ज, यायचे म्हणून पाणी खोल करणार. वाड्याने ठरवलंय की आपले खुंट वळणापलीकडे न्यायचे, कंपनीने ती जागा त्यांना मोकळी ठेवलीय. त्यात आपला काही संबंध नाही, आपलं काम माहितीचं, असं आनंद म्हणाला. ते मलाही पटलं. एका मंडळाने किती ठिकाणी नाक खुपसायचं?

३ ऑक्टोबर

दुपारी दारात सगुणा. टोपली नव्हती, हात मोकळे. इतक्या वर्षांत घरी पहिल्यांदाच आली. चहा घेईना, उंबऱ्याच्या आत येऊन नुसती बसली.

“बाय, खरां सांग. जाल्याचा ठराव यांना इचारल्याबिगर नाय ना व्हनार?”

मी म्हटलं, मुळीच नाही. कागदावर लिहिलंय ते काय उगाच?

“सगले हलवतान. आमचा म्हातारा एकटा नाय म्हनतो. त्या कागदावर हात ठेवून बसलाय. हलवाचा का नाय, तू सांग.”

म्हणजे आनंदने वाड्यात विचारलं तर खरं. आणि सगळे त्याच्याच बाजूने! एकटा दामाजी माझ्या बाजूला उभा आहे, याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तिचा हात धरून सांगितलं, “अजिबात हलवू नका. एकदा हलवलं की परत त्या जागी येणं नाही.”

“परत येनं नाय, ह्या खरां,” ती म्हणाली. मग उद्या भांग आहे, तो सरला की मग काही नाही, असं काहीसं बोलली. तिच्या बोलीतले काही शब्द मला लागत नाहीत. मी मान डोलावली. जाताना तिने विचारलं, तुझा शब्द ना? मी म्हटलं, माझा शब्द. तिचा चेहरा मोकळा झाला.

६ ऑक्टोबर

आनंदला ठणकावून सांगितलं, दामाजी नि सगुणा माझ्या बाजूला आहेत. तो म्हणाला, पण बाई, मी अजून वाड्यात कोणाला विचारलंच नाही. विसरला असेल. त्याचं हल्ली लक्ष नसतं, लग्न ठरतंय.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बहिणीकडे ठाण्याला आठ दिवस राहून आले. टेंभी नाक्यावर आकाशकंदील फार सुंदर होते. यांच्या आठवणीने एकदा खूप रडू आलं, बहिणीला कळू दिलं नाही. इथे बाजारात सगुणा दिसली नाही. शेजारच्या कोळणीला विचारलं तर ती मासे निवडत राहिली.

१४ नोव्हेंबर

काय लिहू?

सकाळी आनंदचा फोन आला, कंपनीने खाडीतले राहिलेले खुंट काढले, दामाजीचे होते, तुम्हाला माहीत आहे का? मी तशीच गेले. काठावर चिखलात चार खुंट आडवे पडले होते, डांबर लावलेली टोकं उघडी पडलेली. त्यांच्या बाजूला फाटलेलं जाळं. दामाजी एका खुंटावर बसला होता. मला बघून त्याने कंबरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, त्यातून माझा कागद काढला.

“बाय, वाच.”

मी वाचायला लागले. जाळ्याबाबतचा कोणताही निर्णय खुंटेकऱ्यांना, इथवर आले आणि समोर जाळं पडलेलं, खुंट पडलेले. तिथे थांबले. मी ते वाक्य शंभर वेळा वाचलं होतं. तपासलं होतं. हॉलंडला समजावून सांगितलं होतं.

“हे जाळं मासळीचं नाही, दामाजी. हे कॉम्प्युटरचं जाळं.”

“कॉम्पुटरला जालं कनाला?”

“तशी म्हणायची पद्धत आहे.”

“नि खुंट?”

मी म्हटलं, तेही म्हणायचंच.

तो हसला नाही, चिडला नाही. समजून घेत असल्यासारखा कागदाकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं. परवा बार्ज आला तेव्हा तो होडी घेऊन आडवा गेला. बार्जवरचा साहेब शिकलेला होता, त्याने होडी जवळ घेऊ दिली, कागद मागून घेतला, पूर्ण वाचला, दोन्ही हातांनी परत दिला. म्हणाला, आजोबा, हे वेगळं आहे. मग क्रेनने खुंट ओढले. एक एक करून.

सगुणा घरातून बाहेर आली. मी तिला विचारलं, बाकीच्यांनी तर महिन्यापूर्वीच हलवले, तुम्ही का नाही हलवलेत?

“तूच सांगलंस, हलवू नका म्हनून.”

मला अजून कळेना. मग कळलं. ती कॉम्प्युटरबद्दल बोलतच नव्हती. भांग म्हणजे काय ते तिनेच मला समजावलं, पोराला सांगावं तसं: अष्टमीच्या सुमाराला पाण्याची ओढ मंदावते, तो भांग. खुंट उपटून दुसरीकडे रोवायचे ते तेव्हाच. ती माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी भांग होता. त्या भांगाला सगळ्या वाड्याने पलीकडे जागा वाटून घेतल्या. आता तिथे एक खुंट रोवायला जागा नाही.

दामाजीला तेव्हाच गुणाजी म्हणाले होते की कागद मशिनीचा आहे. त्यावर तो भर सभेत म्हणाला होता, जाळं नि खुंट यांचा मशिनीशी काय संबंध? तुम्ही वाडवडलांची जागा सोडून पळता, पळा.

घरी कशी आले आठवत नाही.

१५ नोव्हेंबर

भात केला, जेवले नाही.

१७ नोव्हेंबर

आनंद आला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमचा हेतू वाईट नव्हता. पोरगं भलं आहे, पण मला त्याचा राग आला. हेतूला जाळं बांधता येत नाही.

मंडळाने कॉम्प्युटर स्टेशनजवळ हलवला. मी विरोध केला नाही.

१९ नोव्हेंबर

गुणाजींकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. म्हणाले, जागा वाटून झाल्यात, पण शेवटच्या टोकाला थोडी काढता येईल. अडचण वेगळी आहे. दामाजी सगळ्यांसमोर आम्हाला पळपुटे म्हणाला. तो स्वतः येऊन माझं चुकलं म्हणेल तर वाडा ऐकेल. तो म्हणणार नाही, आम्ही त्याला लहानपणापासून ओळखतो.

मी विचारलं, तो म्हणाला की मला फसवलं, तर?

गुणाजी माझ्याकडे नीट बघत राहिले. मग म्हणाले, फसवलेल्याला वाडा टाकत नाही.

२० नोव्हेंबर

दामाजीकडे गेले. तो जाळं शिवत होता. कुठे लावणार होता कोण जाणे. मी त्याला म्हटलं, रविवारी पंचांपुढे उभे राहा आणि सांगा, कर्णिकबाईने फसवलं.

“तू फसवलंस मना?”

“नाही. पण तसं म्हणा. तुमची मान खाली जाणार नाही, जागा मिळेल.”

त्याने सुई थांबवली नाही. मी सगुणाकडे बघितलं, ती चुलीकडे बघत होती. शेवटी मी म्हटलं, हात जोडते. मला दुसरं काही करता येत नाही. तेव्हा तो म्हणाला, खोटं बोलाचं मंग. मी म्हटलं, माझ्यासाठी बोला. ‘बघतंव’ एवढंच म्हणाला.

परतताना मनात एक हलका विचार आला, तो इथे लिहिते, कारण इथे नाही लिहिणार तर कुठे. मला वाटलं, यात मी काहीतरी थोर करते आहे. दोष नसताना अंगावर घेते आहे. हे असते तर म्हणाले असते, प्रमोदिनी, नाटकात काम मिळालं वाटतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

देवळापुढे तीच सतरंजी. मला बायकांच्या मागे बसवलं. गुणाजींनी विचारल्यावर दामाजी उभा राहिला. मला वाटलं होतं तो खाली बघून पुटपुटेल. त्याने मागे वळून मला शोधलं आणि माझ्याकडे बघत बोलला.

“ह्या बायनं मना फसवलं.”

ठरल्याप्रमाणे. मी मान खाली घालायच्या बेतात होते. पण तो बसला नाही.

“मी तिला सांगलं, परत वाच. तिनं परत वाचलं. माजी बायको तिच्या घरी गेली, तिला परत इचारलं. आमी दोगं तिचं आयकून थांबलो. तिला तिचाच बोल आयकू नाय आयला.”

एवढं बोलून तो बसला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी त्याला खोटं बोलायला सांगितलं होतं, आणि तो खरं बोलला होता. काल रात्रीपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उपकाराखाली ठेवत होते.

गुणाजींनी मला विचारलं, हे असंच आहे का? मी उभी राहिले. वर्गात पोराला उभं करतात तशी. म्हटलं, हो, असंच आहे. पुढे ऐकू गेलं नाही, दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

दामाजीला शेवटच्या टोकाला जागा मिळाली. तिथे पाणी उथळ आहे, भांगाच्या दिवसांत जाळं जमिनीला टेकतं, असं दोन बायका आपसात बोलत होत्या. त्यांतलीच एक मला म्हणाली, आता कागद घेऊन वाड्यात येऊ नका. मी बरं म्हटलं.

२८ नोव्हेंबर

हॉलंडला लिहिलं. सगळं लिहिलं, काही ठेवलं नाही. जाळं, खुंट, भांग, सगुणा घरी आली होती ते, दामाजी सभेत काय म्हणाला ते. शेवटी विनंती केली की पुस्तिकेतून तो शब्द काढा. आनंदने ते तसंच पाठवलं.

५ डिसेंबर

परवापासून भांग होता. पुलावरून पाहिलं. लांबून माणसं ओळखू येत नव्हती, पण दोन माणसं होडीतून खुंट उभा करत होती आणि एक बाई दोर धरून होती. खुंट दोनदा कलला. तिसऱ्यांदा उभा राहिला की नाही ते बघायला थांबले नाही. मला तिथे बघण्याचा काय अधिकार?

१९ डिसेंबर

हॉलंडचं उत्तर. बाईंनी फार सौजन्याने लिहिलंय. अनुभव इतक्या मोकळेपणाने कळवल्याबद्दल आभार. हे त्यांना अतिशय मोलाचं वाटतं. पुस्तिका छापून गेली आहे, तेव्हा शब्द काढता येणार नाही, पण पुढच्या आवृत्तीत ‘मिळालेले धडे’ असं एक प्रकरण आहे, त्यात हा प्रसंग चौकटीत घालतील. श्री. दामाजींचा फोटो मिळेल का?

आनंद म्हणाला, काय कळवू? मी म्हटलं, काही कळवू नकोस. तो म्हणाला, पुढचे कागद आलेत बाई, कोणाकडे देऊ? मी म्हटलं, तू कर. ‘दिवाणी सोसायटी’ म्हणालास तरी चालेल. निदान ते कोणाला खरं वाटणार नाही.

१० जानेवारी १९९७

महिनाभर बाजारात दुसऱ्या टोकाने जात होते. मासळी खाल्ली नाही. आज म्हटलं, असं किती दिवस तोंड चुकवणार, आणि सरळ सगुणाच्या पाटीपुढे जाऊन उभी राहिले. पाटीत बोटभर लांबीची बोयटं होती, थोडी बारीक कोळंबी, बाकी काही नाही. पूर्वी तिच्याकडे हाताएवढा जिताडा असायचा आणि ती मला लांबूनच ‘बाय, ये गं, तुझ्यासाठी ठेवलाय’ म्हणून बोलवायची.

तिने वर बघितलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी तिथे बसून रडले असते आणि तिनेही मला रडू दिलं असतं, इतकी आमची ओळख जुनी आहे.

तिने पाटीवर पाणी शिंपडलं आणि विचारलं, “किती देऊ, म्याडम?”

मी म्हटलं, अर्धा किलो द्या. तिने बोयटं मोजून घेतली, साफ केली, नेहमीसारखी डोकी वेगळी बांधून दिली. मी पैसे दिले. तिने उरलेले परत केले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.